नवी इमारत, जुने भाडेकरू

वाडा पाडून नवी इमारत बांधणाऱ्याला विटा-सिमेंट छळत नाहीत, भाडेकरू छळतात. संगणकातही हेच चालतं, हे मला आमच्या भाच्यानं सांगितलं.

संगणकाच्या पडद्यावर कुणाची खिडकी कुठे मांडायची आणि दाबलेली कळ कोणत्या प्रोग्रामला पोचवायची, हे पाहणारा गृहस्थ म्हणजे डिस्प्ले सर्व्हर. बँकेतल्या हेडक्लार्कसारखा. असतो तोवर कुणाच्या लक्षात येत नाही. रजेवर गेला की अंधार!

लिनक्समध्ये ही खुर्ची वर्षानुवर्षं ‘एक्स’नं अडवली होती. जन्म १९८४, अमेरिकेतल्या एमआयटीत. १९८७ साली स्वारी अकरावीत, म्हणजे अकराव्या आवृत्तीत, गेली. बारावीला काही बसली नाही. कॉमर्सला आमच्या वर्गातही असे दोघे होते.

पुढे कारभार वाढला. खिडक्या जुळवायला ‘कंपोझिटर’ नावाचा वेगळा साहेब आला आणि प्रत्येक चित्र एक्सकडून साहेबाकडे, साहेबाकडून परत एक्सकडे जाऊ लागलं. फाइलींचा हा प्रवास मला नवा नाही. पण पुढचं ऐकून घाम फुटला.

“मामा, एक्समध्ये एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या कळा ऐकता येतात.”

“म्हणजे मी पासवर्ड टाइप करतोय आणि शेजारचा पत्त्यांचा खेळ कान लावून बसलाय?”

“बसू शकतो!”

दिवसातून वीसदा गिऱ्हाइकांना ‘पासवर्ड कुणाला सांगू नका’ म्हणणारा मी! इथे भिंतीच नाहीत!

२००८ साली क्रिस्तियन हॉग्सबर्ग यांनी नव्यानं पाया खणला. गाडीतून जाताना लागलेल्या गावाचं नाव दिलं: वेलँड. आपल्याकडे असते तर ‘खोपोली’ झालं असतं. सर्व्हर आणि साहेब एकाच खुर्चीत बसवले, प्रत्येक बिऱ्हाडाला भिंत घातली. २०१२ साली पहिली पक्की आवृत्ती आली.

मग भाडेकरूंची कुरकुर सुरू! जो तो पडद्याचा फोटो बिनदिक्कत काढायचा, त्याला आता परवानगी लागू लागली. भिंत हवी सगळ्यांना, पण दुसऱ्याच्या खोलीला.

मौज म्हणजे वाडा पाडायला निघालेले बरेचसे लोक एक्सचीच डागडुजी करणारे होते. जिना कुठे कुजलाय, हे रोज चढणाऱ्यालाच ठाऊक! म्हणूनच बहुधा त्यांनी जुन्या भाडेकरूंना रस्त्यावर काढलं नाही. नव्या इमारतीत ‘एक्सवेलँड’ नावाची खोली ठेवली. जुने प्रोग्राम तिथे आपण वाड्यातच आहोत असं समजून सुखानं नांदतात.

भाडंही जुनंच देत असणार.