‘तलवार’वरचा दत्त

मुखेड, 18 फेब्रुवारी

आमच्या बालाघाटाच्या डोंगराळ मुलखातून समुद्र फार लांब. तरी आज दिवसभर बलाई चंद दत्त डोक्यात आहेत. बंगाली माणूस, दुसऱ्या महायुद्धात आरमारात बिनतारी संदेशाचं काम करणारा. मुंबईत कुलाब्याच्या ‘तलवार’ या आरमारी तळावर त्यांनी रात्रीतून भिंतींवर ‘जय हिंद’, ‘चले जाव’ लिहिलं. 2 फेब्रुवारी 1946 ला सरसेनापती येणार त्या पहाटे सापडले. जवळ डिंक आणि खडू. 18 ला निकृष्ट जेवणावरून नाविकांनी संप पुकारला; त्याचं बंड झालं आणि ते कराचीपर्यंत पसरलं. मुंबईचे कामगार त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरले, गोळ्या झेलल्या. आमचं मुखेड तेव्हा निजामाच्या अमलाखाली; आम्हाला स्वातंत्र्य मिळालं 17 सप्टेंबर 1948 ला.

नोकरी गेल्यावर दत्तांनी आधी पत्रकारिता केली, मग जाहिरात व्यवसायात ‘लिंटास’मध्ये नाव कमावलं. दिवसा साबण खपवण्याची भाषा घडवणाऱ्या या माणसानं 1971 मध्ये बंडाची हकीकत पुस्तकात लिहून ठेवली, याचं मला फार मोल वाटतं.

बंडामुळे बडतर्फ झालेल्या नाविकांना स्वतंत्र भारताच्या आरमारानंही परत घेतलं नाही. हा अन्यायच होता.