मापाची खुर्ची

नवी व्हीलचेअर आल्यापासून भेटेल तो विचारतो, "आता आरामात बसता येतं ना?" माझ्या कमरेखालच्या भागाला याचं उत्तर देता येत नाही. मणक्याच्या दुखापतीत तिथली संवेदना गेली. गादी कुठे टोचते, फुटरेस्ट उंच झालाय का, हे मला डोळ्यांनी आणि हातांनीच समजून घ्यावं लागतं. त्यामुळे नव्या खुर्चीतला आराम मी बहुतेक रात्रीच तपासला, अंथरुणावर कुशीला वळून, हातात आरसा धरून.

जुनी खुर्ची दवाखान्यात असते तशी, घडीची, 18 इंच सीटची. पेशंटला एक्स-रेपर्यंत ढकलत न्यायला ती ठीक. मी तिच्यात दिवस काढले. माझी रुंदी 15 इंच, उरलेल्या जागेत पर्स राहायची आणि मी दुसऱ्या बाजूला कलायची. रेक्झिनला झोळ आला, तसा पाठीलाही बाक आला. हात फाकवून चाकं ढकलल्याने खांदे भरून यायचे.

नवी खुर्ची 16 इंची, बिनघडीची. पाठ फक्त खांद्याच्या पात्यांखालपर्यंत, म्हणजे हात मोकळे मागे जातात. आईला ते पटलं नाही. "एवढ्या पैशात पाठ अर्धीच दिली होय गं?" खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही ती परकीच वाटली. सरळ बसलं की तोल चाललाय असं वाटे. शरीराला तिरकं बसण्याची इतकी सवय झाली होती की सरळपणाचाच त्रास व्हायचा.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं होतं, एकदम दिवसभर बसू नका, आधी तासभर बसा, मग उतरून त्वचा बघा. लाल डाग दिसला की बोटाने दाबायचा. दाबून पांढरा पडत नसेल किंवा अर्ध्या तासात गेला नाही, तर धोका. मला बैठकीच्या हाडांवर असे दोन डाग दिसले. कारण पायाशी निघालं. फुटरेस्ट उंच बसवला होता, गुडघे वर उचललेले, मांड्या सीटवर टेकतच नव्हत्या, म्हणून सगळा भार त्या दोन हाडांवर. भावाने एल-कीने तो थोडा खाली घेतला. मग डाग दिसेनासे झाले. गुडघ्यामागे आणि सीटच्या कडेत दोन बोटं जातात की नाही, हेही तेव्हाच पाहून घेतलं.

हवेच्या गादीची तऱ्हा निराळी. गच्च भरली तर माणूस तिच्यात बसत नाही, वर तरंगतो. तळहात खाली सरकवून हाड आणि तळ यांच्यात अर्धा ते एक इंच अंतर राहील इतपतच हवा ठेवायची. आम्ही महाडहून महाबळेश्वरला गेलो, जवळजवळ साडेचार हजार फूट चढलो, तर वर पोचेपर्यंत गादी टणक. थोडी हवा सोडली, परतल्यावर पुन्हा भरली.

कपड्यांचं मात्र कोणी सांगत नाही. सलवारीची चुणी, नाडीची गाठ, जीन्सच्या मागच्या खिशाचं बटण, अंगाखाली आलं की त्याचा ठसा उमटतो. आता नाडी पुढे बांधते, ओढणी चाकात जाऊ नये म्हणून खोचून घेते. दर अर्ध्या तासाने मांड्यांवर ओणवं होऊन हाडांवरचा भार हलका करते. बँकेत नवखे लोक मला चक्कर आली समजून धावतात.

चाकांचा आस पुढे असल्याने ही खुर्ची हलकी चालते, पण चढावर पुढून उचलते. बारा फुटांना एक फूट चढ असेल तर हरकत नाही. आमच्या गल्लीतल्या एका दुकानाचा रॅम्प म्हणजे घसरगुंडी आहे. तिथे मागे न उलटू देणारी छोटी चाकं लावूनही कोणाला तरी पाठीमागे उभं राहायला सांगते. न्हाणीच्या 26 इंची दारातून मात्र आता बोटं न खरचटता जाता येतं. ओटा थोडा उंच पडतो, पोळ्या लाटायला तो सोयीचा नाही. त्यासाठी सुताराला खालचं फळकूट करायला सांगितलंय, आणि पाठीचा पट्टा अजून एक खाच सैल करून बघायचा आहे.