मुहूर्ताची किंमत

२०२५ च्या पावसाळ्यात आम्ही घरची पिकअप घ्यायचं ठरवलं, आणि अख्ख्या मुळशी तालुक्याने त्याच पावसाळ्यात ते ठरवलं होतं की काय, असं वाटायला लागलं. कारण उघड होतं. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी करण्याची घोषणा झाली. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने मालवाहू गाड्यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आणला आणि नवा दर लागू व्हायची तारीख दिली २२ सप्टेंबर. त्या दिवशी घटस्थापना, आदल्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. म्हणजे पितृपंधरवडा आणि जुना कर एकाच दिवशी संपणार होते. एरवीही पंधरवड्यात आमच्याकडे कुणी गाडी दारात आणत नाही. त्या वर्षी तर थांबण्यात फायदाही होता. थांबलेली सगळी गिऱ्हाइकं घटस्थापनेला एकदम येणार, हा अंदाज शोरूमवाल्यांनी आमच्या कितीतरी आधी बांधलेला होता.

गाडी लागणार होती ती भातासाठी. इंद्रायणीची कापणी-झोडणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि तेव्हा भाड्याची गाडी मागेल ते पैसे दिले तरी वेळेवर मिळत नाही. बाकीचे महिने ती पिरंगुटच्या एखाद्या कंपनीत लावायची, असा बेत होता. २००५ मध्ये छोटा हत्ती आल्यापासून आमच्या भागात कितीतरी घरांचा जोडधंदा अशाच एका गाडीवर चालतो. आम्ही थोडी मोठी, पण मालासकट एकूण वजन तीन टनांच्या आत राहील अशी गाडी निवडली, कारण त्या वजनापर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. अडचण इतकीच, की सगळ्यांना तीच हवी होती.

बोलणी करायला दाजींना बरोबर घेतलं. गावातले जमिनीचे निम्मे व्यवहार त्यांच्या मध्यस्थीने झालेले. ते म्हणाले, "आत्ताच जाऊ. पंधरवड्यात शोरूम रिकामं असतं."

आईने हरकत घेतली. "पितरांच्या दिवसांत इसार द्यायचा नाही."

"इसार नाय देत. नुसतं बोलायला पितर कशाला आडवे येतील?"

पौडहून निघून भूकुम, भूगावची वाहनांची गर्दी पार करत चांदणी चौक गाठला आणि पुढे शोरूमला पोचलो. खरंच आत शुकशुकाट होता. सेल्समन पोरगा चुणचुणीत. त्याने चहा मागवला आणि बसता बसता सांगून टाकलं, "सर, ह्या मॉडेलवर डिस्काउंट शून्य. वेटिंग आहे."

मला वाटलं, आता दाजी घासाघीस सुरू करणार. ते म्हणाले, "बरोबर आहे. कंपनीची किंमत आहे, त्यात रुपया कमी करू नका. फक्त नव्या कराने किती होते ते लिहून द्या." पोरगा जरा गडबडला. भांडणाच्या तयारीत बसलेल्या माणसाला होकार मिळाला की त्याची पुढची वाक्यंच हरवतात.

कराचा हिशेब दाजी घरूनच करून आले होते. कर दहा टक्क्यांनी उतरला म्हणून गाडी दहा टक्क्यांनी उतरत नाही. दहा लाखांच्या एक्स-शोरूम किमतीत २८ टक्के कर आधीच धरलेला असतो. तो काढून १८ टक्क्यांनी पुन्हा लावला, की साधारण ७८ हजार कमी होतात. आणि बिल ज्या तारखेचं, दर त्या तारखेचा. गाडी गोडाऊनमध्ये कधीपासून उभी आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही.

मग दाजींनी कोटेशनच्या खालच्या ओळींवर बोट ठेवलं. वरची किंमत कंपनी ठरवते; खालच्या ओळी शोरूम ठरवतं. तिथे हँडलिंग चार्जेस होते, अ‍ॅक्सेसरीज किट होतं, वाढीव वॉरंटी होती, विमा होता आणि कर्जाची प्रोसेसिंग फी होती.

"हँडलिंग म्हणजे काय, साहेब?"

"सर, गाडी यार्डातून आणायची, धुवायची…"

"मग एक्स-शोरूममध्ये शोरूमपर्यंत येण्याचे पैसे नसतात का?"

पोरगा मॅनेजरकडे जाऊन आला. ओळ खोडली गेली. किटमध्ये सीट कव्हर, मॅट, मडफ्लॅप आणि म्युझिक सिस्टिम होती. भाताची पोती वाहायला त्यातलं काही लागत नव्हतं. आम्हाला लागणार होती मागची जाळी आणि ताडपत्रीची कमान, आणि त्यासाठी पिरंगुटचा फॅब्रिकेशनवाला होता.

विम्याचं मी पाहिलं. थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवून देतं, तो कुठेही तेवढाच. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात, आणि विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती कुणी करू शकत नाही. ओळखीच्या एजंटाचं कोटेशन पुढे ठेवल्यावर त्यांचा आकडाही तिथपर्यंत उतरला.

कर्जाची ओळ सगळ्यांत गोड होती. "फक्त साडेसहा टक्के, सर." मी विचारलं, "फ्लॅट का?" तो हसला. आठ लाख, चार वर्षं, साडेसहा टक्के फ्लॅट म्हणजे व्याज २ लाख ८ हजार आणि हप्ता २१ हजार. शेवटच्या वर्षी मुद्दल अडीच लाखांच्याही आत आलेलं असतं, तरी व्याज पूर्ण आठ लाखांवरच चालू राहतं. घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर बाराच्या आसपास जातो. आमच्या बँकेचा दर त्याहून कमी होता. कर्ज बँकेचंच घ्यायचं ठरलं.

उठताना दाजींनी कोटेशनवर सही-शिक्का मागितला आणि हाताने दोन ओळी लिहून घेतल्या: किंमत बिलाच्या दिवशीच्या कराने; ठरल्याबाहेर एकही वस्तू सक्तीची नाही. जमिनीच्या व्यवहारात साठेखत असतं, तसा तो कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

घटस्थापनेला सकाळी घट बसवून झाल्यावर बुकिंगचे पैसे भरले. दुपारी फोन आला. आवाज तोच, सूर वेगळा. "सर, आज खूप बुकिंग झालंय. दसऱ्याला डिलिव्हरी हवी असेल तर किट घ्यावं लागेल. मॅनेजरसाहेब किटवाल्यांना आधी देतायत."

दसरा २ ऑक्टोबरला होता. घरात हार-नारळापर्यंत बोलणं गेलेलं. मी दाजींना विचारलं, आता काय? त्यांनी उलट मला विचारलं, "भात कधी कापणार?"

"दिवाळीच्या सुमाराला."

"मग दसऱ्याला गाडीत काय भरणार आहेस?"

सगळा सौदा त्या प्रश्नाने माझ्यापुढे स्वच्छ झाला. ते लोक गाडी अडवत नव्हते. गाडी तर मिळणारच होती. अडवत होते फक्त एक दिवस, आणि त्या दिवसाची गरज आम्हीच त्यांना सांगितली होती. आईशी बोललो. मला वाटलं होतं ती ऐकणार नाही. तिने विचारलं, "किट केवढ्याचं?" आकडा ऐकून म्हणाली, "कोजागिरीही चांगलाच दिवस असतो."

शोरूमला कळवलं: दसरा नको, किट नको, ठरल्या कागदाप्रमाणे गाडी द्या, उशीर चालेल, मात्र चासी नंबर आमच्या नावाने लेखी हवा. पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. ज्याला घाई नाही, त्याच्यावर टाकायला दबाव त्यांच्याकडेही शिल्लक नव्हता.

कोजागिरी होऊन गेल्यावर गाडी मिळाली. घ्यायच्या आधी विक्रीच्या दाखल्यावरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचलं, चासी नंबर ताडून पाहिला, टायरच्या कडेवरचे चार आकडे बघितले. त्यातले पहिले दोन आठवडा सांगतात आणि नंतरचे दोन वर्ष. गर्दीच्या दिवसांत जुना माल नव्याच्या रांगेत सहज खपून जातो.

आमच्याच गावातल्या दोघांनी दसऱ्याला किटसकट गाड्या घेतल्या. मिरवून आणल्या, पेढे वाटले, आम्हीही खाल्ले. त्यांना तो दिवस हवा होता आणि त्यांनी तो विकत घेतला. त्यात वावगं काही नाही. शोरूमने फक्त बिलावर 'अ‍ॅक्सेसरीज' न लिहिता 'मुहूर्त' असं लिहावं, म्हणजे प्रत्येकाला आपापला हिशेब करता येईल.