क्रूसापाशी हात जोडताना

रविवार. मिस्सा सुटली. चर्चच्या आवारात पुन्हा तोच वाद: फादरांनी प्रवचनात टँकरच्या पाण्यावर बोलावं की फक्त शुभवर्तमानावर? मला हा भेदच पटत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचं पर्यावरण वाचवण्यासाठीच्या ‘हरित वसई’ लढ्यात रस्त्यावर उतरले ते धर्मगुरू म्हणूनच. २०१९ मध्ये साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरू कशाला, म्हणून विरोध झाला. ‘सुबोध बायबल’ लिहिणारा माणूस आणखी किती मराठी हवा होता!

लाल लुगड्यातली शेजारची आजी मात्र वादात पडली नाही. पायरीवर बसून केळ्यांच्या घडाचा भाव करत राहिली.

उद्या प्रचारफेरी आहे. उमेदवार नाक्यावरच्या क्रूसापाशी हात जोडेलच. मी त्याला टँकरच्या पाण्याचं आणि बुजवलेल्या विहिरींचं विचारणार आहे.