बाईंचं देणं

कवटी दोन्ही हातांनी उचलायची आणि टेबलावर ठेवायची ती कापडाच्या चुंबळीवरच, हा बाईंचा दंडक. प्लॅस्टरच्या प्रतिकृतीलाही तोच मान. मोजमाप नंतर. आधी भुवईच्या कंगोऱ्यावरून अंगठा फिरवायचा, कपाळ किती उभं चढतं ते तळव्याने जोखायचं. नर्मदाकाठच्या हाथनोऱ्याच्या कवटीची प्रतिकृती त्यांनी माझ्या हाती दिली, तेव्हा मूळ कवटी 1982 मध्ये अरुण सोनकियांना सापडली हे आधी सांगितलं. सापडवणाऱ्याचं नाव घेतल्याशिवाय त्या कवटीबद्दल बोलतच नसत. "चेहरा आणि डोकं वेगवेगळं वाच गं, दोन्ही एकदम बदलत नाहीत," असं त्या म्हणत.

या वाक्याचं मोल मला 2017 साली पुरतं उमगलं. मोरोक्कोतल्या जेबेल इर्हूदला 1961 मध्ये बराइटच्या खाणीत एका कामगाराला कवटी मिळाली होती. ती निअँडरथलची, सुमारे 40 हजार वर्षांपूर्वीची, असं बराच काळ मानलं गेलं. ज्याँ-जाक युब्लँ आणि सहकाऱ्यांनी तिथे पुन्हा उत्खनन केलं, तेव्हा वय निघालं सुमारे 3 लाख वर्षं! आधार होता विस्तवात तापलेल्या गारेच्या हत्यारांचा. तापताना गारेतली साठलेली ऊर्जा निघून जाते. मग आसपासच्या किरणोत्सर्गामुळे ती हळूहळू पुन्हा साठते. प्रयोगशाळेत गार तापवली की ती उजेड होऊन बाहेर पडते आणि त्या उजेडावरून काळ मोजता येतो. त्या माणसांनी पेटवलेल्या जाळानेच त्यांचा काळ आपल्याला सांगावा, या विचाराने मला आजही भरून येतं.

आणि ती कवटी! चेहरा आखूड, जवळपास आपलाच. डोकं मात्र लांबट, बसकं. इथिओपियात ओमो किबिशला 1967 मध्ये मिळालेल्या दोन कवट्यांपैकीही एक आपल्या वळणाची, दुसरी जुन्या. आपण एकाच जागी, एका झटक्यात घडलो नाही. आफ्रिकाभर पांगलेल्या, अधूनमधून एकमेकांत मिसळणाऱ्या समूहांतून घडत गेलो, असं मला या कवट्या पाहून ठामपणे वाटतं. ही नजर बाईंची आहे.

इर्हूदचं नवं वय ऐकायला त्या राहिल्या नाहीत. असत्या तर त्यांनी आधी त्या खाणकामगाराची चौकशी केली असती. खणलेल्या दगडांबरोबर ती कवटी ढिगाऱ्यावर गेली असती, तर कुणाला पत्ताही लागला नसता. म्हणून इर्हूद शिकवताना मी त्याच्यापासूनच सुरुवात करते.