क्षमावणी

वडिलांच्या अकोल्यातील शोकसभेत त्यांच्या कापड दुकानाविषयी पुष्कळ बोलले गेले; त्याआधीच्या २८ वर्षांच्या सैन्यसेवेविषयी कोणीच नाही. अहिंसाधर्मी समाजाचा संकोच असावा. वास्तविक श्रावकाने संकल्पी हिंसा सोडायची असते. संरक्षणार्थ घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला सर्वस्वी टळत नाही. श्रवणबेळगोळची गोमटेश्वराची मूर्ती घडवून घेणारे चामुंडराय गंग राजांचे सेनापतीच होते. वडिलांना हे मी एकदा सुनावले होते. १९७१ साली छांबच्या आघाडीवर ते तोफखान्यात होते. ते एवढेच म्हणाले, "टळत नाही, म्हणून कर्मबंध चुकतो का?"

दर क्षमावणीला आप्तेष्टांची क्षमा मागून झाली, की ते पश्चिमेकडे तोंड करून हात जोडत. यंदा अमरावतीच्या घरी मी तसा उभा राहिलो.