गार गाडी

पौष पौर्णिमेला कोल्हारात भगवतीची यात्रा भरते आणि त्याच सुमारास माझ्या गॅरेजपुढे जुन्या पिकअपची यात्रा भरते. प्रवरेकाठचा गारठा, चहूकडे पाणी भरलेली उसाची रानं. पहाटे पारा 10 अंशांच्या खाली उतरला की तक्रार एकच: "मिस्तरी, सकाळी सुरूच होत नाही."

आणि ही तक्रार घेऊन माणूस येतो कधी? अकरा वाजता, तीच गाडी चालवत. ट्रॅक्टरने ओढून सुरू केलेली, नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे खात गरम झालेली. मी चावी फिरवतो तर अर्ध्या सेल्फला चालू. रात्रभर फणफणलेलं पोर दवाखान्याच्या पायरीवर खेळायला लागावं, तसली गत. मालक ओशाळतो, मी डोकं खाजवतो, आणि मग काहीतरी बदलायचं म्हणून काहीतरी बदललं जातं.

नानांच्या पिकअपचं हेच झालं. नाना पेरूवाले, पहाटे पाचला क्रेट भरून राहात्याच्या बाजारात जाणारे. गाडी वीस-बावीस वर्षांची, हीटरवाली. एका ठिकाणी चारही हीटर नवे टाकले, दुसरीकडे बॅटरी नवी घेतली, तिसरीकडे नोझल उतरवून कॅलिब्रेशन केलं. शेवटी माझ्याकडे आले, तर मी शहाण्याने सांगितलं, "नाना, कॉम्प्रेशन गेलंय. इंजिन खोलावं लागेल." गरम गाडी पाहून दिलेला निकाल होता तो. आजही आठवला की लाज वाटते. नाना खर्चाला घाबरले म्हणून मी वाचलो.

डिझेल गाडीत ठिणगी नसते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड चटका देतं ना, तोच खेळ. हवा दाबून दाबून इतकी तापवायची की डिझेलचा फवारा पडताक्षणी आपोआप पेट घेईल. असल्या जुन्या हीटरवाल्या इंजिनात साधारण 22 भाग हवा 1 भागात कोंबली जाते, तरी गार लोखंड त्यातली बरीच ऊब पिऊन टाकतं, म्हणून आधी हीटर लाल करायचा. म्हणजे सकाळी तीनच गोष्टी लागतात: सेल्फने इंजिन जोरात फिरवलं पाहिजे, आत ऊब पाहिजे आणि डिझेल वेळेवर पोचलं पाहिजे. तिन्हींपैकी काय कमी पडलं ते गाडी सांगते, पण गार असतानाच.

म्हणून मी नानांना म्हटलं, "रात्री लावाल तशीच राहू द्या. चावीला हात लावू नका. मी पाचला येतो."

गेलो. बॉनेटवर दव, गोठ्यात म्हशी जाग्या. बॅटरीला मीटर लावला आणि नानांच्या मुलाला सेल्फ मारायला सांगून मी मागे सायलेन्सरपाशी टॉर्च घेऊन बसलो. सेल्फ मारताना व्होल्ट साडेनऊच्या खाली गेले तर बॅटरी, केबल नाहीतर अर्थिंगचा दोष. इथे दहाच्या वरच होते, फिरण्याचा आवाजही दमदार. पण सायलेन्सरमधून काहीच नाही. पांढरा धूरसुद्धा नाही!

सगळ्या भानगडीतली मुद्द्याची गोष्ट ही होती, आणि ती आजवर कुणी पाहिलीच नव्हती, कारण सगळे धक्का मारण्यात गुंतलेले. हीटर मेले असते तर पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर आला असता. तो धूर म्हणजे न पेटलेलं डिझेल. धूरच नाही म्हणजे डिझेल पोचतच नाही. मग हीटर नवे असोत की सोन्याचे, उपयोग काय?

फिल्टरवरचा हातपंप दाबला. भुसभुशीत. पंधरा-वीस दाबांनंतर हाताला कडक लागला. हीटर देऊन सेल्फ मारला, गाडी दोनदा थरथरली, पांढरा लोट सोडला आणि लागली चालायला.

रात्रीतून डिझेल मागे टाकीत उतरत होतं. नाना गाडी लावायचे गोठ्यापुढच्या चढावर, तोंड वर करून. त्या रात्री मी ती उलटी लावायला सांगितली, तोंड उताराला. दुसऱ्या दिवशी पहाटे पहिल्या सेल्फला चालू. नानांचा चेहरा असा झाला की मी मंत्रच मारला. मग फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी जोडली. इंजिन चालू केलं की त्यातून बुडबुड्यांची माळ सरकताना दिसे. टाकीजवळच्या रबरी नळीला क्लिपच्या खाली नखाएवढी चीर होती. बाहेर थेंब नाही, वास नाही. पंप डिझेल ओढतो त्या बाजूला गळती बाहेर येत नाही, हवा आत जाते. दिवसा गाडी जास्त वेळ उभी राहत नाही, म्हणून डिझेल पुरतं उतरत नसे आणि दोष लपून राहायचा. दीड फूट नळी आणि दोन क्लिपा. यंत्राला वाचा नसते म्हणतात, पण असल्या गाड्या बोलायच्या तेवढं बोलतात.

दर वेळी असं सोपं सापडत नाही, हेही सांगतो. कधी खरंच रिंगा झिजलेल्या असतात, कधी सेल्फचे कार्बन संपलेले, कधी चारपैकी दोन हीटर गेलेले आणि डॅशबोर्डवरचा दिवा मात्र इमानाने लागतो-विझतो. पट्टी काढून एकेका हीटरला टेस्ट लॅम्प लावल्याशिवाय त्या दिव्यावर विश्वास ठेवू नये. आणि चेंबरखाली पेटता बोळा धरणारे, हवेच्या तोंडाशी ईथरचा स्प्रे मारणारे लोक पाहिले की माझ्या अंगावर काटा येतो. लाल झालेल्या हीटरवर ईथर पडला तर पिस्टन फुटायला एक सेल्फ पुरतो.

नानांकडून नळी-क्लिपांचे पैसे घेतले. दोन पहाटांचे काय लावायचे ते मला सुचलं नाही, त्यांनी पेरूचं एक क्रेट पाठवलं.

तेव्हा तुमची गाडी सकाळी त्रास देत असेल तर ती गरम करून माझ्याकडे आणू नका. रात्री कुठे, कशी लावली आणि पहिल्या सेल्फला मागून धूर आला की नाही, एवढं बघून ठेवा आणि फोन करा. पहाटे मीच येतो.